जांभ्याची भिंत, पोलादी गोळी आणि भोकांचा हिशेब : एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरीकडच्या कातळावर एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा आहे असं धरा. काचतंतू-रेझिनच्या पत्र्यांची आघात-चाचणी घ्यायला तिथे दाबहवेची बंदूक बसवायची आहे. नळी ३ मीटर लांब. गोळी बेअरिंगच्या पोलादाची, व्यास २० मिमी, वजन सुमारे ३३ ग्रॅम, वेग सेकंदाला ३०० मीटर. म्हणजे जवळपास १,४८० जूल ऊर्जा. घर्षण सोडून दिलं तर नळीभर सरासरी १६ बार दाब पुरतो, त्यामुळे बंदूक बनवणं अवघड नाही. अवघड आहे ती मागची भिंत. पत्रा लावायचा राहून गेला, चौकटीचा बोल्ट ढिला पडला किंवा गोळी कडेने निसटली, तर ती थेट या भिंतीवर जाणार. भिंत जांभ्याची, एका चिऱ्याच्या जाडीची, ९ इंच म्हणजे २३० मिमी. पलीकडे पडवी आहे आणि पडवीत माणसांची ये-जा असते.

प्रश्न दोन आहेत. गोळी आरपार जाईल का? आणि आरपार न जाताही भिंतीच्या पलीकडच्या अंगाने काही सुटून उडेल का? पहिला प्रश्न खोलीचा आहे, दुसरा लहरीचा. दुसऱ्याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही, म्हणून संगणकावर आघाताची नक्कल करायची.

कार्यशाळा नमुन्यादाखल घेतली आहे. भिंत मात्र कोकणात कुठल्याही गावात हीच सापडेल. आकडे हिशेबाचे आहेत आणि बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येतील असे मुद्दाम ठेवले आहेत. आपल्या खाणीचा चिरा वेगळा असेल तर आपलेच आकडे मोजून घालावेत.

तयार पदार्थ उचलण्याचा मोह

जवळपास प्रत्येक हायड्रोकोडच्या (आघाताची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) पदार्थ-सूचीत पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम, पाणी, ग्रॅनाइट, काँक्रीट असतं. जांभा नसतो. मग काँक्रीटची नोंद उचलून घनता २.४ ऐवजी २.० (घनसेंटिमीटरला ग्रॅम) केली, ताकद कमी केली, की झाला जांभा, असं पहिल्या फेरीत हमखास केलं जातं. ओपनरेडिओस ही अशीच एक प्रणाली २०२२ पासून मुक्त-स्रोत झाल्यावर हे आणखी सोपं झालं आहे. कोणीही उतरवून घेतो आणि तासाभरात भिंतीवर गोळी मारतो. चित्र छान येतं. उत्तर चुकीचं येतं.

किती चुकीचं, ते हाताने काढता येतं. पोलादात आघात-लहरीचा वेग लिहायची रूढ रीत अशी: सेकंदाला ४,५७० मीटर, अधिक पदार्थकणांच्या वेगाची १.४९ पट. भरीव मानलेल्या ‘दगडा’ला २,५०० आणि १.५ हे आकडे दिले आणि घनता २,००० (तीच २.०, घनमीटरला किलोत) ठेवली, तर ३०० मीटरच्या टकरीत दोन्ही बाजूंचा दाब समान होतो तो सुमारे १.५ गिगापास्कलला.

आता जांभ्याचा स्वभाव धरा. फोडलेला चिरा हातात घेतला की दिसतं: नागमोडी नळ्या, पोकळ्या, काहींत पिवळट माती, काही रिकाम्या. दगडाच्या भुकटीची घनता २.८ धरली आणि अख्ख्या चिऱ्याची २.०, तर २८.६ टक्के जागा मोकळी. आघात बसल्यावर आधी ही पोकळी मिटते, मग दगड दाबला जातो. पोकळी पुरती मिटते एवढंच धरलं तर लहरीचा वेग कणांच्या वेगाच्या साडेतीन पट येतो, कारण २.८ भागिले ०.८. पोलादाशी मेळ घातला की दगडाचे कण सेकंदाला सुमारे २८४ मीटरने पुढे सरकतात, लहर साधारण १,००० मीटरने धावते आणि दाब येतो ०.५६ गिगापास्कल.

दीड आणि ०.५६. तीच गोळी, तोच वेग, घनताही तीच, आणि अडीच पटीहून जास्त फरक. फरक फक्त भोकांचा. दुसरं असं की भरीव दगडात ही लहर २,५०० मीटरहून जास्त वेगाने पुढे पळते आणि तगून राहते. जांभ्यात ती ऊर्जा पोकळ्या चेपण्यात खर्च होते, परत मिळत नाही. १९९७ मध्ये निअर यानाने मॅथिल्ड या लघुग्रहाजवळून जाताना त्यावर त्याच्या आकारमानाच्या मानाने अवाढव्य विवरं पाहिली. मॅथिल्डची सरासरी घनता १.३ च्या आसपास, म्हणजे निम्मा पोकळ. एवढे मार खाऊनही तो फुटला नाही, याचं कारण याच जातीचं. लोणारचं १.८ किलोमीटरचं विवर घट्ट बेसॉल्टात आहे. तिथला हिशेब वेगळा. जांभ्याची भिंत लोणारच्या दगडापेक्षा मॅथिल्डची जवळची नातेवाईक.

चिरा आधी मोजावा

पोकळ पदार्थासाठी हर्मनने १९६९ मध्ये मांडलेला पी-अल्फा नमुना अजून सर्वांत सोयीचा आहे. अल्फा म्हणजे भरीव घनता भागिले सच्छिद्र घनता. आपल्या चिऱ्यात सुरुवातीला १.४०, सगळी भोकं मिटली की १. मध्ये तो दाबानुसार उतरत जातो. नमुन्याला पाच गोष्टी लागतात: भरीव दगडाचं अवस्था-समीकरण (दाब आणि घनता यांचं नातं), सुरुवातीचा अल्फा, सच्छिद्र चिऱ्यातला ध्वनिवेग, चेपणं सुरू होतं तो दाब आणि चेपणं संपतं तो दाब.

भरीव दगडाची घनता, अल्फा आणि ध्वनिवेग स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत मिळतात. ३८० × २३० × १८० मिमीचा चिरा १५.७ लिटरचा, भट्टीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला की ३१ किलोच्या आसपास भरला पाहिजे. पुरा चिरा वाळायला दिवसापेक्षा जास्त लागतो, घाई केली तर आतलं पाणी घनतेत मोजलं जातं. मग तुकडा कुटून भुकटीची घनता काढायची. भुकटी बारीक हवी. रवाळ ठेवली तर बंद पोकळ्या तशाच राहतात आणि भरीव घनता कमी दिसते. ध्वनिवेगासाठी काँक्रीट तपासायचं ५४ किलोहर्ट्झचं अल्ट्रासोनिक यंत्र चालतं. वेग २,००० मीटर आला तर लहरलांबी ३७ मिमी होते, म्हणजे बोटभर भोकांपेक्षा थोडीच मोठी. म्हणून एका जागी मोजून भागत नाही. तिन्ही दिशांनी, निदान दहा जागी मोजावं. चिऱ्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणारा गवंडी हीच चाचणी करत असतो, फक्त आकडा सांगत नाही.

भारतीय मानक ३६२० (१९७९) बांधकामाच्या जांभ्याला किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी दाबताकद आणि वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणीशोषण मागतं. हे आकडे बांधकामासाठी ठीक. आपल्या नमुन्याला मात्र बांधून ठेवलेल्या दगडाची चेपण्याची रेषा हवी, मोकळ्या ठोकळ्याची ताकद नव्हे. मोकळा ठोकळा ५ मेगापास्कलला फुटून बाजूला पसरतो. भिंतीच्या पोटातला दगड पसरायला जागाच नसते.

ती रेषा काढायला जाड पोलादी नळकांडं लागतं: आतला व्यास १०० मिमी, बाहेरचा २५० मिमी. त्यात बसेल असा चिऱ्याचा गाभा, वरून दट्ट्या, आणि २,००० किलोन्यूटनचं दाबयंत्र. २०० मेगापास्कलला १,५७० किलोन्यूटन भार होतो, तिथे थांबावं. यंत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत नेलं तर यंत्राचंच विरूपण मोजलं जातं. ५० मिमीचा गाभा घेतला तर दाब बराच वर नेता येतो, पण मग एकच मोठं भोक अख्खा निकाल फिरवतं. आम्ही १०० मिमीच्या बाजूने आहोत: कमी दाबाची पण भरवशाची रेषा बरी. चेपणं १० मेगापास्कलच्या आसपास सुरू होतं आणि वरचं टोक वाढवून ५०० वर नेलं, असं या प्रकरणात धरलं आहे. वरचा आकडा मोजलेला नाही, ताणलेला आहे. म्हणून नक्कल ३५० आणि ७०० वरही चालवून बघायची.

गाभा नळकांड्यात सैल बसला तर पहिले काही मिलिमीटर नुसती फट मिटते आणि आलेखावर ती भोकं मिटल्यासारखी दिसते. फटीत प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओतावा.

आधी एकमिती, मग बाकीचं

लांब-मिमी, काळ-मिलिसेकंद, वस्तुमान-ग्रॅम ही एककं धरली की बल न्यूटनमध्ये आणि दाब मेगापास्कलमध्ये येतो. वेग ३०० तो ३००च राहतो. घनता मात्र ०.००२ लिहावी लागते, पोलादाची ०.००७८. इथे २.० लिहिणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. त्याची भिंत हजारपट जड होते आणि गोळी तिच्यावर चिकटून बसते.

पहिली चालवणी गोळीची नसते. पोलादाची सपाट पट्टी, जांभ्याची सपाट पट्टी, एकमिती टक्कर. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे: ०.५६ गिगापास्कल आणि १,००० मीटरच्या आसपासची लहर. नक्कल तेवढं देत नसेल तर पुढे जायचं नाही.

इथेच या प्रकरणाची खरी चूक सापडते. पहिल्या चालवणीत दाब दीडच्या घरात येतो, पी-अल्फा चालू असूनही. कारण शोधायला इनपुट फाइल बघावी लागते. अवस्था-समीकरणाच्या ओळीत संदर्भ-घनता म्हणून ०.००२० टाकलेली असते. कोडला तिथे भरीव दगडाची घनता, ०.००२८, हवी असते. सच्छिद्र घनता तो अल्फावरून स्वतः काढतो. ०.००२० दिल्यावर काही कोड अल्फा १ धरून गप्प बसतात, काही ०.००२० ला पुन्हा १.४ ने भागून १,४२९ घनतेचा फोमसारखा दगड बनवतात. दोन्ही वेळा इशारा येत नाही. सोपी परीक्षा अशी: शून्य काळाला कोडने छापलेलं भिंतीचं एकूण वस्तुमान बघायचं. चिरा ३१ किलोच्या आसपास भरला पाहिजे. २२ किलो दिसला की कुठे चुकलं ते कळलं. ३१ भरूनही दाब दीडच्या घरात असेल तर कोडने अल्फा १ धरला आहे.

दाब बरोबर आला तरी लहरीचं तोंड बघावं. खरी आघात-लहर अतिशय पातळ असते. नक्कलेत पदार्थाचे ज्या छोट्या घरांत तुकडे पाडतात, त्या जाळीच्या घरांत ती पकडता येत नाही. फॉन नॉयमन आणि रिख्तमायर यांनी १९५० मध्ये यावर कृत्रिम श्यानतेचा उपाय काढला: तोंडाजवळ थोडा खोटा चिकटपणा घालून उडी तीन-पाच घरांवर पसरायची. वर्गपदाचा गुणक १.५ आणि रेषीय पदाचा ०.०६ हे नेहमीचे आकडे. रेषीय पद शून्य केलं तर तोंडामागे दाबाचे काटे उठतात आणि ते काटे खऱ्या दाबापेक्षा वर जाऊन भोकं आधीच मिटवून टाकतात. पी-अल्फात मिटलेलं भोक परत उघडत नाही, त्यामुळे क्षणभराचा खोटा काटा कायमची खूण ठेवतो. भरीव पदार्थात हे काटे नुसते दिसायला वाईट असतात; सच्छिद्रात उत्तर बिघडवतात.

आणखी एक गोष्ट एकमितीत दिसते आणि पुढे कामाला येते. जांभ्यात लहर एक नसते, दोन असतात. पुढे २,००० मीटरने धावणारी लवचिक लहर, तिचा दाब चेपणं सुरू होण्याच्या पातळीवर, म्हणजे १० मेगापास्कलवर अडलेला. आणि मागून १,००० मीटरने येणारी जड चेपण-लहर. पलीकडच्या अंगाला आधी पोचते ती पहिली.

गोळी

गोळीसाठी अक्षसममित (गोळीच्या रेषेभोवती सगळीकडे सारखी) द्विमिती जाळी पुरते. गोळीच्या त्रिज्येत २० घरं, म्हणजे घर ०.५ मिमी. भिंत ४०० मिमी त्रिज्येची, २३० मिमी जाड; सगळीकडे हीच घरं ठेवली तर ३ लाख ६८ हजार. पोलादातली लहर सेकंदाला ५,९०० मीटरच्या आसपास, त्यामुळे काळाची पायरी ०.०५ मायक्रोसेकंद. गोळी थांबायला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास लागतं, ०.६ मिलिसेकंद चालवायचं तर १२,००० पायऱ्या. साध्या डेस्कटॉपवर चहापाणी होईपर्यंत उरकतं.

गोळी कडक बेअरिंग-पोलादाची आहे, ०.५६ गिगापास्कलला ती वाकत नाही, म्हणून तिला ताठ मानण्याचा मोह होतो. खोलीसाठी चालेल. पहिल्या क्षणाच्या दाबासाठी नाही: ताठ गोळीला ०.६३ येतो, अकरा-बारा टक्के जास्त. लवचिक ठेवावी, वेळ फारसा वाढत नाही.

०.५६ या आकड्याचं फार कौतुक करू नये. गोल गोळीच्या टोकाशी तो काही मायक्रोसेकंदच टिकतो, कडेने ढिलाई येते आणि मग सुरू होतं ते घुसणं. तिथे विरोध दोन वाटांनी येतो: दगडाचा जडपणा आणि दगडाची बांधलेली ताकद. गोळीला जडपणाचा गुणक ०.५ धरला तर सुरुवातीला जडपणाचा दाब ९० मेगापास्कल. बांधलेली ताकद ५० धरली तर खोली ५४ मिमी येते, २० धरली तर ८९ मिमी, आणि अगदीच निराशावादी होऊन मोकळ्या ठोकळ्याची ५ धरली तरी १५४ मिमी. भिंत २३०. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: कोरड्या, अखंड चिऱ्यातून ही गोळी आरपार जात नाही. नक्कल याच पट्ट्यात उतरली पाहिजे. बाहेर गेली तर बहुधा झीज-नियमाची चूक असते.

तो नियम असा. फार वाकडी झालेली घरं कोड काढून टाकतो, नाहीतर काळाची पायरी शून्याकडे जाते. काढायची मर्यादा २० टक्के विकृतीला ठेवली तर जांभा चेपला जाण्याआधीच नाहीसा होतो. आपला दगड नुसता पोकळी मिटताना तेवढा आकसतो! गोळीसमोर रिकामं बोगदं तयार होतं आणि ती खुशाल आरपार जाते. मर्यादा १५० ते २०० टक्के ठेवावी आणि काढून टाकलेल्या वस्तुमानाचा आलेख दरवेळी बघावा. गोळीच्या वाटेत ७० मिमी खोलीला २२ घनसेंटिमीटर, म्हणजे ४४ ग्रॅम दगड येतो. काढलेलं वस्तुमान त्याच्या पलीकडे गेलं तर निकाल फेकून द्यावा. घरांऐवजी सुटे कण (जाळीविना नक्कल) वापरले तर ही पंचाईत टळते, पण कणांची नक्कल ताणात स्वतःहून फाटते, आणि आपल्याला पलीकडच्या अंगाचा ताणच बघायचा आहे. म्हणून गोळीभोवती कण, बाकी भिंत घरांची, अशी जोडणी बरी.

कडेची चूकही ठरलेली. ४०० मिमी त्रिज्येच्या कडेवरून परतलेली लहर ०.४ मिलिसेकंदाच्या थोडं पुढे अक्षावर येते, आणि आपण ०.६ पर्यंत चालवतो आहोत. पलीकडच्या अंगावर उशिराने उठणारा दुसरा धक्का दिसला की भडंगासारखा निष्कर्ष उडवायच्या आधी कड न परतवणारी केली आहे का ते बघावं. आणि नोंदी ०.१ मायक्रोसेकंदाला घ्याव्यात. १० मायक्रोसेकंदाला घेतल्या तर शिखर दोन नोंदींच्या मधून निसटतं.

पावसाळा

आता प्रकरणाचा गाभा. मे महिन्यात मोजलेला चिरा जुलैत तो राहत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पश्चिमेची झड जांभ्याच्या उघड्या भिंतीत नुसती मुरते.

वजनाच्या १० टक्के पाणी शोषलं असं धरा. घनमीटरला २०० किलो, २८.६ टक्के पोकळीतली २० टक्के पाण्याने भरली, हवा उरली ८.६ टक्के. घनता २,२००. पाणी भोकासारखं मिटत नाही, त्याला जायला जागा नसते आणि काही मायक्रोसेकंदांत ते झिरपूनही जात नाही. पहिल्या क्षणाचा दाब ०.५६ वरून ०.९५ गिगापास्कलच्या घरात जातो, लहरीचा वेग १,००० वरून १,६०० कडे. पण हा फरक अजून लहान आहे. मोठा फरक गोळीभोवती चेपल्या जाणाऱ्या दगडाच्या घेरात दिसतो.

गोळीच्या ७० मिमी वाटेतला २२ घनसेंटिमीटर दगड जातो कुठे? तोंडाशी थोडा परत उडतो, तो सोडा. उरलेला आजूबाजूच्या दगडाच्या भोकांत शिरतो. कोरड्या चिऱ्यात २२ ला जागा करायला ७७ घनसेंटिमीटर दगडाची भोकं पुरतात, म्हणजे अक्षापासून १९ मिमीपर्यंतचा दगड. गोळीची स्वतःची त्रिज्या १० मिमी आहे. सगळा गोंधळ गोळीभोवती बोटाच्या पेराएवढ्या जागेत संपतो, त्याबाहेर फक्त १० मेगापास्कलची लवचिक लहर जाते. ओल्या चिऱ्यात हवा ८.६ टक्केच, म्हणून २५६ घनसेंटिमीटर लागतो, ३४ मिमीपर्यंतचा. चेपलेल्या भागाची कड जवळपास दुप्पट लांब सरकली, आणि तिच्याबाहेर जाणारी लहर त्या प्रमाणात जोरकस. शिवाय ओला जांभा ताकदीलाही कमी.

पलीकडच्या अंगाचा साधा हिशेब: लहर अंतराच्या प्रमाणात विरळ होते. कोरड्यात १९ मिमीवर १० मेगापास्कल, तर १९० मिमीवर १. ओल्यात नुसत्या भूमितीने १.८, आणि कडेवरचाच दाब वाढला की त्याहून जास्त. मोकळ्या पृष्ठभागावर पोचलेली दाबाची लहर ताणाची होऊन परतते, आणि जांभ्याची ताणताकद अर्ध्या मेगापास्कलच्या आसपास धरली आहे. म्हणजे पलीकडची बाजू दोन्ही ऋतूंत तडकते. फरक सुटणाऱ्या पापुद्र्याच्या वेगात: कोरड्यात सेकंदाला अर्धा मीटर, ओल्यात एक ते अडीच मीटर. अर्ध्या मीटरने सुटलेली कपची भिंतीच्या पायथ्याशी पडते. अडीच मीटरने सुटलेली पडवीत येते.

पूर्ण भिजलेली भिंत ही वाईटातली वाईट मर्यादा आहे, हे खरं. प्रत्यक्षात झड बाहेरून लागते आणि गोळी आतून. आतले १०० मिमी कोरडे, बाहेरचे १३० ओले अशी दोन थरांची भिंत चालवली तर निकाल कोरड्याच्या बराच जवळ येतो, कारण चेपण-लहर ओल्या थरापर्यंत पोचायच्या आत संपलेली असते. आतली कोरडी कातडीच वाचवते. पण जोत्यातून ओल चढणारी जुनी भिंत असेल तर हा दिलासा नाही. त्या भिंतीत आतलाही भाग भिजतो, आणि ओलाव्याची रेषा बरोबर नळीच्या उंचीला असू शकते. नक्कल कुठली चालवायची ते ठरवायला जुलैत भिंतीला आतून बाहेर तीन खोलींवर छोटी भोकं पाडून भुकटी काढावी, डबीत बंद करून लगेच तोलावी आणि वाळवून पुन्हा तोलावी. ड्रिल सावकाश चालवावं. गरम झालेलं पातं भुकटी जागेवरच वाळवतं.

दरज आणि गिलावा

अक्षसममित नमुन्यात दरज (दोन चिऱ्यांमधला सांधा) येत नाही. आणि गोळीला जागा निवडता येत नाही. एका चिऱ्याच्या भिंतीत उभी दरज इकडून तिकडे सरळ आरपार असते. १० ते १२ मिमीचा मसाला, पुष्कळदा तोंडाशी भरलेला आणि पोटात पोकळ. २० मिमीची गोळी दरजेवर बसली तर दोन्ही चिऱ्यांच्या कडा खरवडत पाचरीसारखी घुसते, समोरचा विरोध निम्म्यावर येतो. यासाठी त्रिमिती लागते. पाव भिंत १ मिमीच्या घरांनी भरली तर साडेतीन कोटींहून जास्त घरं. तेवढं करायची गरज नाही. गोळीच्या वाटेभोवती ६० मिमीपर्यंत १ मिमी, पुढे हळूहळू ५ मिमी. घराचा आकार शेजाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, नाहीतर बदलाच्या जागेवरून लहरीचा काही भाग खोटाच परत फिरतो. दरज पूर्ण भरलेली आणि निम्मी पोकळ, दोन्ही चालवाव्यात. पोकळ दरजेचा निकाल कुठल्याही खोलीच्या हिशेबात बसवू नये. तिथे उत्तर एकच, दरजेवर गोळी पोचू द्यायची नाही.

तशीच अडचण मोठ्या भोकांची. काही चिऱ्यांत बोटभर पोकळ्या असतात, गोळीच्या व्यासाएवढ्या. सरासरी नमुना अशा चिऱ्याला लागत नाही. यादृच्छिक जागी पोकळ्या ठेवून दहा-वीस चालवण्या केल्या तर खोलीचा पसारा दिसतो. सुरक्षिततेच्या प्रश्नाला सरासरीपेक्षा पसाऱ्याचं वरचं टोक महत्त्वाचं.

मग गिलावा. पडवीच्या बाजूने १५ मिमीचा सिमेंटचा गिलावा केलेला असतो, नीटस दिसावं म्हणून. आघाताच्या हिशेबात तो सर्वांत वाईट. दाबाची लहर चिऱ्यातून गिलाव्यात जाते, मोकळ्या अंगावरून ताण होऊन परतते, आणि चिरा-गिलावा जोड ताणात जवळजवळ काहीच पेलत नाही. तिथे तो सुटतो आणि लहरीचा सगळा संवेग स्वतःबरोबर घेऊन जातो. आघात-प्रयोगशाळांत नमुन्याच्या मागे मुद्दाम अशी सुटी चकती ठेवतात, संवेग काढून घेण्यासाठी. इथे ती चकती नकळत पडवीकडे तोंड करून लावलेली असते. नमुन्यात जोड चिकटवलेला ठेवला तर हे दिसत नाही, ताणाला ०.१ मेगापास्कलवर सुटणारा जोड द्यावा, मग गिलाव्याची अख्खी थाळी सुटताना दिसते.

काय करायचं

भिंत जाड करणं सुचतं, पण ते महाग आणि दरजेचा प्रश्न तसाच. भिंतीसमोर वाळूची पेटी स्वस्त. कोरड्या वाळूची घनता १,६०० आणि विरोध १ ते ५ मेगापास्कल धरला तर गोळी १८० ते २८० मिमीत थांबते. पेटी ४०० मिमी खोल, १ मीटर रुंद, १ मीटर उंच. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणून चाकांवर नको, जोत्यावर. समोरची बाजू ६ मिमी प्लायची, म्हणजे गोळी परतणार नाही. मागची २० मिमी. प्लायला भोक पडलं की पट्टी मारून वाळू गळणं थांबवायचं, आणि वीस-पंचवीस माऱ्यांनंतर वाळू उपसून गोळ्या काढायच्या. त्याच जागी पुन्हा बसणारी गोळी आधीच्या गोळीवर आपटली तर ती कुठल्या दिशेने जाईल सांगता येत नाही.

वाळू समुद्राची घेऊ नये; मिठामुळे ती हवेतला दमटपणा ओढते. नदीची, उन्हात वाळवलेली, वर पत्र्याचं झाकण. जूनमध्ये पेटी भरण्यापेक्षा एप्रिलमध्येच भरून झाकावी.

पडवीकडचा गिलावा नळीच्या रेषेभोवती एक मीटरच्या चौकोनात खरवडून काढावा, चिरा उघडा ठेवावा, आणि त्यावर कोंबडीजाळी खुंट्यांनी ताणून बसवावी. झड त्याच बाजूने येत असेल तर पावसाळ्यात पूर्वी बांधायचे तसे झाप बांधावेत, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. नक्कलेच्या शेवटच्या तीन चालवण्या अशा भिंतीवर करायच्या: कोरडी, बाहेरून ओली, पूर्ण ओली, तिन्ही वाळूच्या पेटीशिवाय, कारण एखाद्या दिवशी पेटी दुरुस्तीला काढलेली असणार आणि बंदूक मात्र चालू असणार.